नोंद लायब्ररीची, निर्णय कोणाचा?

दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये वापरण्यासाठी लिहिलेला कोड म्हणजे लायब्ररी. ती एकटी कधी चालत नाही. एखादी लायब्ररी एचटीटीपीवरून माहिती आणते, एखादी तारखांचा हिशेब करते, एखादी डेटाबेसची जोडणी सांभाळते. पण तिला चालवणारा, तिच्या शेजारी आणखी कोणकोणत्या लायब्रऱ्या बसवायच्या हे ठरवणारा आणि बिघाड झाला की रात्री उठून तो निस्तरणारा माणूस वेगळा असतो. लॉगिंगचा प्रश्न इथेच उगवतो. आत काय घडले याची नोंद लायब्ररीला करावी लागते, नाहीतर दोष सापडत नाहीत. ती नोंद फाइलमध्ये जावी की पडद्यावर, किती बारकाईने व्हावी आणि किती दिवस ठेवावी हे ठरवणे मात्र तिच्या हातात नसते, आणि असूही नये.

हा वाद सगळ्यात जास्त काळ चालला तो जावाच्या जगात, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीची कित्येक वर्षे जावासोबत लॉगिंगची कोणतीही अधिकृत सोय येत नव्हती. ती पोकळी लॉग४जेने भरली. सेम्पर नावाच्या युरोपीय प्रकल्पात १९९६ च्या सुमारास त्याचे बीज पडले, चेकी ग्युल्जू यांनी ते वाढवले, आणि अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या छत्राखाली जानेवारी २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००२ मध्ये, जावा १.४ सोबत अंगभूत लॉगिंग आले. तोवर लॉग४जे घराघरात पोहोचले होते आणि ते सोडायला कोणी तयार नव्हते. लायब्ररीच्या लेखकापुढे आता दोन पर्याय उभे राहिले, आणि त्यातला कोणताही निवडला तरी तो दुसऱ्यावर लादला जाणार होता.

अपाचेच्या जकार्ता प्रकल्पात तेव्हा डझनावारी जावा प्रकल्प चालू होते. तेच ते छोटे तुकडे प्रत्येकाने पुन्हा लिहू नयेत म्हणून २००१ मध्ये जकार्ता कॉमन्स हा उपप्रकल्प निघाला. तिथला प्रत्येक घटक दुसऱ्याच्या घरात राहण्यासाठीच जन्मलेला असल्याने लॉगिंगची अडचण तिथे आधी जाणवली. उत्तर म्हणून ऑगस्ट २००२ मध्ये कॉमन्स लॉगिंग १.० आले. या उत्तराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एका दृष्टीने समान गरजेसाठी समान घटक असणे हाच मुक्त सॉफ्टवेअरचा फायदा. दुसऱ्या दृष्टीने बाहेरून घेतलेला प्रत्येक घटक म्हणजे आपल्या प्रोग्रॅमवरचा ताबा थोडा सोडणे. पहिल्या बाजूला सामायिकवादी आणि दुसरीला स्वावलंबी म्हणून पुढची चर्चा मांडली आहे.

सामायिकवादी : कॉमन्स लॉगिंगमागचा विचार सरळ होता. बीनयुटिल्स, डायजेस्टर, एचटीटीपीक्लायंट या घटकांच्या लेखकांनी लॉग४जे घ्यावे की जावाचे अंगभूत लॉगिंग, हे ठरवायचेच नाही. त्यांनी नोंद एका पातळ मध्यस्थाच्या हाती द्यायची आणि प्रोग्रॅम चालू झाल्यावर जे लॉगिंग हजर असेल त्याच्याकडे मध्यस्थाने ती पोचवायची. प्रत्येक घटकाने आपापला मध्यस्थ लिहिला असता तर वीस घटकांचे वीस मध्यस्थ झाले असते आणि सेटिंगही वीस ठिकाणी करावे लागले असते.

स्वावलंबी : वीस मध्यस्थ नकोत, हे मान्य. पण तुमच्या एका मध्यस्थाने काय केले तेही पाहा. ज्याला फक्त बीनयुटिल्स हवे होते त्याच्याकडे कॉमन्स लॉगिंग न मागता आले. २००६ मध्ये त्याची १.१ आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या मेव्हन-वर्णनात लॉग४जे, लॉगकिट, ॲव्हलॉन फ्रेमवर्क आणि सर्व्हलेट एपीआय या चार डिपेंडन्सी सक्तीच्या म्हणून लिहिलेल्या होत्या. कोणतेही लॉगिंग लादायचे नाही म्हणून जो आला, तोच लॉगिंगचे दोन संच बगलेत मारून आला.

सामायिकवादी : ती वर्णनातली चूक होती. २००७ च्या १.१.१ मध्ये ती सुधारली.

स्वावलंबी : सुधारली, पण मेव्हन सेंट्रल या सामायिक भांडारावर एकदा चढलेली आवृत्ती बदलता येत नाही. ज्या लायब्रऱ्यांनी १.१ मागितली होती त्या पुढेही तेच ओझे आणत राहिल्या. सामायिक घटकातली चूक दुरुस्त झाली म्हणजे ती सगळीकडून गेली असे होत नाही.

मेव्हन हे जावाचे प्रोग्रॅम बांधण्याचे साधन डिपेंडन्सीची डिपेंडन्सीही आपोआप उतरवून घेते, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या दोन वाटांनी आल्या, तर मेव्हन मुळाला जवळची वाट निवडते आणि अंतर सारखे असेल तर आधी लिहिलेली. ग्रेडल हे दुसरे साधन अशा वेळी सर्वांत नवी आवृत्ती घेते. दोघांचे नियम वेगळे, त्यामुळे त्याच घटकांतून दोन वेगळे प्रोग्रॅम तयार होऊ शकतात. नको असलेला घटक मेव्हनमध्ये वगळायचा तर तो ज्या ज्या डिपेंडन्सीबरोबर येतो तिथे तिथे तशी नोंद करावी लागते. कॉमन्स लॉगिंग वगळता वगळता थकलेल्या लोकांनी अखेर एक पळवाट काढली: ९९ अशा अवाढव्य आवृत्ती-क्रमांकाची रिकामी जार, म्हणजे लायब्ररीच्या क्लासच्या गठ्ठ्याची फाइल, तयार करायची आणि कॉमन्स लॉगिंग म्हणून तीच घ्यायला लावायची. घटक नाकारण्यासाठी त्याच नावाचा पोकळ घटक बनवावा लागणे, यातच त्या काळच्या साधनांची मर्यादा कळते.

तरी कॉमन्स लॉगिंगने जो खरा मनस्ताप दिला तो त्याच्या शोधपद्धतीमुळे. लॉगर ठरवताना ते आधी सेटिंगमध्ये कोणाचे नाव दिले आहे का ते पाहते. नसेल तर लॉग४जेचे क्लास सापडतात का ते तपासते. तेही नसेल तर जावाचे अंगभूत लॉगिंग घेते, आणि काहीच हाती लागले नाही तर स्वतःच्या साध्या लॉगरने एरर स्ट्रीमवर ओळी लिहिते. सुट्या प्रोग्रॅममध्ये ही उतरंड बिनबोभाट चालते. टॉमकॅटसारख्या सर्व्हरमध्ये एकाच जावा प्रोसेसमध्ये अनेक वेब ॲप्लिकेशन नांदतात. प्रत्येकाचे क्लास आणणारा क्लासलोडर वेगळा आणि सर्व्हरचा स्वतःचा आणखी वेगळा. जावाला क्लासची ओळख नुसत्या नावाने पटत नाही. नाव आणि तो आणणारा क्लासलोडर या जोडीने पटते. म्हणून कॉमन्स लॉगिंगची एक प्रत सर्व्हरकडे आणि दुसरी ॲप्लिकेशनकडे असली, की एकाच नावाचे दोन परके क्लास समोरासमोर येत. मग लॉग४जेसाठीचा लॉगर-क्लास हा मुळात लॉगच नाही, अशा अर्थाचा चक्रावून टाकणारा संदेश झळके. तो वाचून कोड कितीही चाळला तरी चूक सापडत नसे, कारण कोडमध्ये चूक नसेच.

दुसरा दोष सावकाश उघडकीस येणारा होता. प्रत्येक क्लासलोडरसाठी बनवलेली लॉगर-फॅक्टरी मध्यस्थ एका तक्त्यात जपून ठेवी. ॲप्लिकेशन काढून नवे बसवले तरी जुनी नोंद तक्त्यात राही आणि तिला लटकून जुन्या ॲप्लिकेशनचे सगळे क्लास मेमरीत अडकून पडत. काही वेळा असे झाले की सर्व्हरची मेमरी संपे. १.१ मध्ये कमकुवत संदर्भ ठेवणारा तक्ता आणून हा प्रकार बराच आटोक्यात आला, पण तोवर कॉमन्स लॉगिंगचे नाव बदनाम झाले होते.

स्वावलंबी : नोंद ठेवणे हे दुय्यम काम. त्याने मुख्य काम बंद पाडावे, याला काय म्हणायचे?

सामायिकवादी : अंदाजाने शोधण्याचा दोष म्हणायचा. तो सामायिक असण्याचा दोष ठरत नाही, आणि लॉग४जेच्या मूळ कर्त्यानेच ते दाखवून दिले. ग्युल्जू यांनी एसएलएफ४जे हा नवा मध्यस्थ काढला त्यात शोधाशोध ठेवलीच नाही. लायब्ररी फक्त एपीआयच्या जारवर अवलंबून राहते. ॲप्लिकेशन जुळवणारा माणूस त्या एपीआयशेजारी लॉगबॅक, लॉग४जे किंवा अंगभूत लॉगिंग यांपैकी एकाला जोडणारी जार ठेवतो. जी ठेवली ती चालते. एकही ठेवली नाही तर नोंदी टाकून दिल्या जातात आणि तसा इशारा मिळतो; प्रोग्रॅम थांबत नाही. दोन ठेवल्या तरी इशारा मिळतो. जुन्या घटकांसाठी पूल आहेत. कॉमन्स लॉगिंगच्याच नावाचे क्लास असलेली एक जार मिळते. ती मूळ जारच्या जागी ठेवली की जुन्या घटकांच्या नोंदी त्यांना पत्ता न लागता एसएलएफ४जेकडे वळतात.

स्वावलंबी : पूल दोन्ही दिशांनी बांधता येतात, हे तुम्ही सांगितले नाही. कॉमन्स लॉगिंगकडून एसएलएफ४जेकडे आणणारी जार आणि एसएलएफ४जेकडून कॉमन्स लॉगिंगकडे नेणारी जार एकत्र आली, तर नोंद या दोघांत फिरत राहते आणि स्टॅक भरून प्रोग्रॅम कोसळतो. आणि शोधाशोध नाही म्हणता, तर ऑगस्ट २०२२ मध्ये २.० निघाले तेव्हा काय झाले? जोडणी ओळखण्याची पद्धत बदलून जावाच्या सर्व्हिसलोडरवर गेली. एखाद्या लायब्ररीने गुपचूप २.० चा एपीआय आणला आणि शेजारी १.७ च्या काळातली जोडणी राहिली, तर ती जोडणी दुर्लक्षित होते. सुरुवातीला दोन ओळींचा इशारा, आणि पुढे लॉग कोरा.

सामायिकवादी : इशारा वाचायचा असतो.

स्वावलंबी : सर्व्हर चालू होताना शेकडो ओळी सरकतात. त्यात दोन ओळी वाचणारा माणूस भेटला तर कळवा.

हा टोला खरा आहे, पण त्यामागचा मुद्दा वेगळ्या जागी आहे. एसएलएफ४जेने समस्या संपवली नाही. ती जिथे सोडवता येते अशा माणसाकडे सरकवली. लायब्ररीचा लेखक आता काहीच निवडत नाही, आणि जुळवणाऱ्याला एकदाच, पण डोळे उघडे ठेवून निवडावे लागते. जुलै २०१४ मध्ये आलेल्या लॉग४जे २ नेही हीच विभागणी केली: एपीआयची जार निराळी, प्रत्यक्ष लॉगिंग करणारी कोअर जार निराळी. त्यामुळे तोही एक मध्यस्थ म्हणून वापरता येऊ लागला. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ ने आपल्या गाभ्यातच सिस्टम.लॉगर नावाचा आणखी एक दिला. मध्यस्थांची गर्दी कमी करण्यासाठी निघालेला प्रत्येक मध्यस्थ त्या गर्दीत एकाची भर घालून गेला आहे.

लॉगिंगपुरता वाद इथे थांबला असता. पण हाच प्रश्न कॉमन्समधल्या इतर घटकांनाही लागू होता, आणि तिथे स्वावलंबी पक्षाची बाजू अधिक भक्कम दिसते, निदान सुरुवातीला.

स्वावलंबी : दोन-तीन क्लाससाठी अख्खी लायब्ररी कशाला ओढायची? लागतात तेवढे क्लास आपल्यात घ्यावेत. परवान्याची अडचण नाही. अपाचेचा परवाना सूचना कायम ठेवून हे करू देतो. टॉमकॅटने तेच केले. कॉमन्स लॉगिंगचा कोड घेतला, पॅकेजचे नाव बदलून जुली केले, जावाच्या अंगभूत लॉगिंगशी कायमचे बांधले. तेव्हापासून सर्व्हरचे लॉगिंग आणि ॲप्लिकेशनचे लॉगिंग एकमेकांच्या पायात येत नाही.

सामायिकवादी : टॉमकॅटने पॅकेजचे नाव बदलले म्हणून ते निभावले. बीनयुटिल्सने नाव न बदलता तेच केले आणि पंचाईत करून ठेवली. १.७ पासून त्याच्या जारमध्ये कॉमन्स कलेक्शन्सचे मोजके क्लास जसेच्या तसे, मूळ पॅकेजच्या नावाने ठेवलेले होते. ज्याच्याकडे कलेक्शन्सची जारही होती त्याच्याकडे एका क्लासच्या दोन प्रती झाल्या, आणि कोणती चालेल हे क्लासपाथवरच्या, म्हणजे क्लास शोधण्याच्या यादीतल्या, क्रमावर अवलंबून राहिले.

स्वावलंबी : म्हणजे नाव बदला. कॉपी करण्याला त्यातून बाधा येत नाही. हल्ली मेव्हनचे शेड प्लगइन हे काम यंत्रवत करते. बांधणीच्या वेळी दुसऱ्याचे क्लास नव्या पॅकेजखाली आपल्या जारमध्ये जातात आणि आवृत्तीचे भांडण उरत नाही.

सामायिकवादी : आवृत्तीचे भांडण उरत नाही, कारण आवृत्ती कोणती ते बाहेरून दिसेनासे होते. त्याची किंमत पुढे येईल. नाव बदलण्याचा चांगला वापर मूळ लेखकांनीच करून दाखवला आहे. कॉमन्स लँगने २०११ मध्ये ३.० काढताना जुने नको असलेले भाग टाकून दिले आणि पॅकेजला लँग३ नाव दिले. कलेक्शन्स ४ नेही तसेच केले. त्यामुळे जुनी आणि नवी लायब्ररी एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी बसतात. सामायिक विहिरीचा गाळ काढायचा तर सगळ्या हिस्सेदारांना एका दिवशी पाणी सोडावे लागते. इथे दुसरी विहीर खणून दिली आणि ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने तिकडे यावे असे सांगितले.

स्वावलंबी : आणि जुन्या विहिरीवर राहिलेल्यांचे काय?

त्याचे उत्तर २०१५ ने दिले. त्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका सुरक्षा परिषदेत ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी दाखवले, की जावाच्या डीसीरियलायझेशनमध्ये, म्हणजे आलेल्या बाइट्समधून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करताना, कॉमन्स कलेक्शन्सचे ठरावीक क्लास एका साखळीत गुंफले तर बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर आपला कोड चालवता येतो. नोव्हेंबरमध्ये याच साखळीने वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस आणि जेनकिन्स फोडता येतात हे प्रसिद्ध झाले आणि कलेक्शन्सची ३.२.२ आवृत्ती त्याच महिन्यात निघाली. मूळ दोष अविश्वसनीय माहिती डीसीरियलाइझ करणाऱ्या ॲप्लिकेशनचा होता. पण कलेक्शन्सची जार क्लासपाथवर नुसती पडून असणे हल्लेखोराला पुरेसे होते. प्रोग्रॅमच्या लेखकाने तिचा एकही क्लास वापरलेला नसला तरी. डिपेंडन्सीचे वजन किलोबाइटमध्ये मोजणाऱ्यांना हा धडा होता.

सहा वर्षांनी लॉगिंगचीच पाळी आली. लॉग४जे २ मध्ये संदेशात ठरावीक चिन्हांत लिहिलेला मजकूर ओळखून त्याच्या जागी दुसरी माहिती भरण्याची सोय होती. २०१३ मध्ये त्यात जेएनडीआयमार्फत माहिती आणण्याचा मार्ग जोडला गेला. जेएनडीआय नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावरूनही ऑब्जेक्ट आणू शकते. म्हणजे वेब फॉर्मच्या रकान्यात किंवा ब्राउझरच्या नावात कोणी विशिष्ट ओळ टाकली आणि सर्व्हरने ती प्रामाणिकपणे लॉगमध्ये लिहायला घेतली, की सर्व्हर हल्लेखोराच्या यंत्राकडे जाऊन तिथला कोड घेऊन येई. अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकातील चेन झाओजून यांनी २४ नोव्हेंबर २०२१ रोजी हे अपाचेला कळवले. ९ डिसेंबरला ते जगजाहीर झाले. सीव्हीई-२०२१-४४२२८ या क्रमांकाच्या, लॉग४शेल नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोषाला गंभीरतेच्या मापनात दहापैकी दहा गुण मिळाले. महिना संपेपर्यंत मुख्य शाखेत २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या काढाव्या लागल्या.

स्वावलंबी : एका घटकाने साऱ्या जगाला वेठीस धरले. सामायिकतेचा याहून मोठा पराभव कोणता?

सामायिकवादी : दुरुस्ती कोणाची लवकर झाली तेही पाहा. ज्यांच्याकडे लॉग४जे-कोअर स्वतंत्र जार म्हणून, सरळ नावानिशी होती, त्यांनी आवृत्तीचा आकडा बदलला आणि काम झाले. शेड करून दुसऱ्याच्या पोटात घातलेली जार नावावरून सापडेना. शेवटी जेएनडीआयलुकअप हा क्लास कोणाकोणाच्या जारमध्ये, जारच्या आतल्या जारमध्ये दडला आहे, ते उलगडून शोधणारी साधने लिहावी लागली. कॉपी करण्याची किंमत पुढे येईल म्हणालो होतो, ती ही.

स्वावलंबी : आणि सरळ डिपेंडन्सी असलेले सगळे सुखी होते असे नाही. बहुतेक पॅकेजमध्ये लॉग४जे थेट आलेले नव्हते. डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीतून, कित्येक पायऱ्या खालून आले होते. वरच्याने दुरुस्त करायचे तर आधी मधल्याने करायला हवे.

सामायिकवादी : मधल्या लायब्ररीने लॉग४जे-कोअर मागितलेच का? तिला नोंद करायला एपीआय पुरत होता, आणि नुसत्या एपीआयच्या जारमध्ये हा दोष नव्हता. मध्यस्थाच्या शिस्तीत राहिलेल्या लायब्रऱ्यांना त्या डिसेंबरात काहीच करावे लागले नाही.

या ठिकाणी सामायिकवादी पक्षाचे म्हणणे उतरते. लॉग४शेलचा सगळ्यात महाग भाग लॉग४जेमधला दोष हा नव्हता. दोष कोणत्याही कोडमध्ये निघतात. आपल्याकडे तो घटक आहे का, कोणाच्या मागून आला आणि बदलायचा अधिकार कोणाकडे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात लोकांचे आठवडे गेले. प्रोग्रॅममधल्या घटकांची यादी सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स या ठरलेल्या नमुन्यात जोडून द्यावी, हा आग्रह त्यानंतर वाढला तो म्हणूनच.

स्वावलंबी पक्षाचा एक युक्तिवाद मात्र शेवटपर्यंत खोडला जात नाही: भाषेनेच ही सोय आधीपासून दिली असती तर मध्यस्थच लागले नसते. पायथनने ते केले. २००३ मध्ये २.३ आवृत्तीसोबत लॉगिंग मॉड्यूल प्रमाण संचात आले. लायब्ररीने त्या मॉड्यूलकडून आपल्या नावाचा लॉगर घ्यावा, त्यावर फार तर नलहँडलर हा काहीच न करणारा हँडलर चढवावा, बाकी हँडलर ॲप्लिकेशनने लावावेत, असा संकेत अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेला आहे. गो भाषेतही ऑगस्ट २०२३ च्या १.२१ आवृत्तीत रचनाबद्ध लॉगिंगचे स्लॉग पॅकेज प्रमाण संचात आले. जावानेही २००२ मध्ये हेच केले होते, पण उशिरा, आणि लॉग४जेइतके सोयीचे नसलेले. त्यामुळे प्रमाण असूनही ते सर्वमान्य झाले नाही. प्रमाण गोष्ट वेळेवर आली नाही तर तीही पर्यायांच्या यादीतला एक पर्याय होऊन राहते.

प्रत्यक्ष व्यवहारात यातून काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. लायब्ररीने डिपेंडन्सी म्हणून फक्त लॉगिंगचा एपीआय नोंदवावा. प्रत्यक्ष लॉग लिहिणारा घटक फक्त चाचण्यांपुरता ठेवावा. आपल्या जारमध्ये लॉगिंगची सेटिंग-फाइल कधीही घालू नये. हा दोष दिसायला किरकोळ, पण क्लासपाथवर ती फाइल आधी सापडली तर ॲप्लिकेशनचे सेटिंग बाजूला पडते आणि कारण शोधताना दिवस जातो. एकदा फेकलेल्या एक्सेप्शनची वर लॉगमध्येही नोंद करण्याची सवय वाईट. वरच्या थरांनी तेच केले की एका चुकीच्या पाच नोंदी होतात. तळाच्या छोट्या लायब्ररीला तर लॉगिंगची गरजच नसते. कॉमन्स लँगला एकही बाह्य डिपेंडन्सी नाही. तिच्या पद्धती उत्तर देतात किंवा एक्सेप्शन फेकतात, नोंद करायची की नाही ते बोलावणारा पाहतो. तासन्‌तास चालणाऱ्या, आपले धागे स्वतः सांभाळणाऱ्या, नेटवर्कवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या लायब्ररीने मात्र गप्प राहून चालत नाही. तिच्या आत जे घडते ते बोलावणाऱ्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

शेड करून घटक पोटात घालणे हा मार्ग वर्ज्य नाही. बांधणीची साधने, जावा एजंट, सर्व्हर यांना दुसऱ्याच्या क्लासांच्या शेजारी राहूनही त्यांच्याशी टक्कर टाळायची असते. त्यांना दुसरा उपाय नाही. पण ज्याने घटक पोटात घातला त्याने त्याच्या सुरक्षा-सूचनांवर लक्ष ठेवण्याचे कामही पत्करलेले असते, आणि हे काम पत्करणारे फार थोडे आहेत. मूळ प्रकल्पातली दुरुस्ती त्याच्या जारमध्ये आपोआप पोचत नाही.

ॲप्लिकेशन जुळवणाऱ्याकडे उरते ती निगराणी. सगळ्या आवृत्त्या एका जागी, बीओएम नावाच्या आवृत्ती-यादीत, पक्क्या कराव्यात. डिपेंडन्सीचे झाड छापून पाहण्याची आज्ञा मेव्हन आणि ग्रेडल या दोघांतही आहे. नवी लायब्ररी घेताना ती एकदा चालवली तर दोन लॉगिंग एकत्र आल्याचे तिथेच कळते. नको असलेले घटक मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनच्या बंदी-यादीत टाकले की ते चोरवाटेने आले तरी बांधणी तिथेच थांबते. रिकाम्या जारच्या पळवाटेपेक्षा हे केव्हाही बरे.

या सगळ्या प्रवासाचा एक ठळक साक्षीदार म्हणजे स्प्रिंग. जावातली ही मोठी फ्रेमवर्क सुरुवातीपासून कॉमन्स लॉगिंगच्या एपीआयवर लिहिलेली होती, आणि तिच्यासोबत येणारी ती जार वगळणे हे कित्येक वर्षे स्प्रिंग वापरणाऱ्यांचे पहिले काम असे. कॉमन्स लॉगिंगची १.२ आवृत्ती जुलै २०१४ मध्ये निघाली आणि पुढे नऊ वर्षे नवी आवृत्ती आलीच नाही. दरम्यान २०१७ मध्ये स्प्रिंग ५ ने कंटाळून आपली स्वतःची प्रत काढली: पॅकेजचे नाव तेच, पण आतून लॉग४जे २ आणि एसएलएफ४जे ओळखणारी आणि जुनी शोधाशोध टाकून दिलेली. २०२३ च्या अखेरीस कॉमन्स लॉगिंग १.३.० आले आणि मूळ लायब्ररीलाच हे दोन्ही ओळखता येऊ लागले. मग वेगळ्या प्रतीचे कारण उरले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंग ७ ने आपली प्रत निवृत्त केली, आणि ती पुन्हा अपाचे कॉमन्स लॉगिंगवरच अवलंबून आहे.